एलडीएच वाढले म्हणजे कर्करोग वाढला असे नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर आला की स्तनाच्या कर्करोगाविषयी बरेच छापून येते आणि शेजारच्याच कॉलमात 'कॅन्सर मार्कर पॅकेज', 'ऑन्को प्रोफाइल' अशा जाहिराती झळकतात. अधूनमधून 'रक्तातील एन्झाइमवरून कळणार स्तनकर्करोगाची तीव्रता' अशा थाटाची बातमीही असते. मग ज्यांचे निदान झाले आहे अशा बायका, आणि ज्यांना काहीच झालेले नाही अशाही, एलडीएच आणि अल्कलाइन फॉस्फटेजचा रिपोर्ट पुढे करून विचारतात, "हा आकडा ठळक छापलाय, म्हणजे पसरलंय का?" या प्रश्नाचे उत्तर त्या कागदावर बहुतेक वेळा नसते. ते का नसते, कधी असते आणि नसेल तेव्हा कुठे शोधायचे, हे जरा तपशिलात लिहितो. जागा जास्त लागेल, त्याबद्दल आधीच क्षमस्व.

एन्झाइमला शाळेच्या पुस्तकात विकर म्हणतात. लॅबमध्ये हा शब्द कोणी वापरत नाही, पण आहे चांगला. एलडीएच म्हणजे लॅक्टेट डिहायड्रोजनेज हे विकर शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असते. कर्करोगाच्या पेशी ऑक्सिजन हाताशी असतानाही साखर आंबवून ऊर्जा काढतात हे ओटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवले, आणि त्या वाटेवरचे शेवटचे विकर म्हणजे एलडीएच. गाठीच्या पेशींत ते भरपूर असते, हे खरेच आहे. अल्कलाइन फॉस्फटेज पित्तनलिकांच्या अस्तरात आणि हाडे बांधणाऱ्या पेशींत असते. गॅमा जीटी यकृतात असते, हाडांत नसते. एसजीपीटी मुख्यतः यकृतातले. एसजीओटी यकृतात, स्नायूंत आणि रक्ताच्या लाल पेशींतही. या पाचांपैकी एकही खास स्तनाचे नाही, हे लक्षात ठेवले की निम्मा गोंधळ टळतो. पॅकेजात यांच्याबरोबर येणारे सीए १५-३ तर विकरच नव्हे. ते पेशीच्या पृष्ठभागावरून सुटलेले प्रथिन आहे.

आता गाठीत एलडीएच भरपूर असते, तर ते रक्तात का दिसू नये? ढोबळ हिशेब करून पाहा. एक सेंटिमीटरची गाठ म्हणजे साधारण एक ग्रॅम ऊती, सुमारे १०० कोटी पेशी. याउलट प्रौढ माणसाच्या शरीरात रोज सुमारे २०,००० कोटी लाल पेशी आयुष्य संपून मोडीत निघतात. त्यातल्या बहुतेक प्लीहेत आणि यकृतात पचवल्या जातात, तरी थोडे एलडीएच रक्तात सुटतेच. त्यात रोजची स्नायूंची झीज आणि दीड किलोचे यकृत मिळवा. या बाजारात एका ग्रॅमच्या गाठीचा आवाज ऐकू येत नाही. दोन-तीन सेंटिमीटरच्या गाठीचाही येत नाही. म्हणून पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातल्या बहुतेक बायकांची ही सगळी विकरे अगदी नॉर्मल असतात. आकडा नॉर्मल आला म्हणून गाठ साधी ठरत नाही, आणि हा उलटा गैरसमज जास्त महाग पडतो. "रक्त तपासलं, सगळं नॉर्मल आहे" म्हणून गाठीचा तुकडा काढून तपासायचे (बायोप्सी) लांबणीवर पडते.

मग त्या बातम्यांतले अभ्यास खोटे असतात का? नसतात. त्यांत सरासरी खरी असते, पण ती वाचायची कशी हे बातमीत येत नाही. समजण्यापुरते काल्पनिक आकडे घेऊ. पहिल्या टप्प्यातल्या दहा जणींचे एलडीएच १७० ते २३०च्या दरम्यान, सरासरी २००. चौथ्या टप्प्यातल्या दहा जणींपैकी सहा जणींचे २२०च्या आसपास आणि चौघींचे, ज्यांच्या यकृतात रोग बराच पसरला आहे, ६००च्या आसपास. या दहांची सरासरी ३७२. मथळा तयार: 'चौथ्या टप्प्यात एलडीएच ८६ टक्क्यांनी जास्त'. गणित बरोबर आहे. पण त्याच गटातल्या सहा जणींचा आकडा पहिल्या टप्प्यातल्या बाईच्या आकड्याशेजारी ठेवला, तर कोणता कुणाचा हे सांगता येणार नाही. सरासरी चौघींनी ओढून नेली. दवाखान्यात समोर बसते ती एकच बाई, सरासरी नव्हे.

म्हणूनच स्तनाच्या कर्करोगाचा टप्पा ठरवण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत रक्तातले एकही विकर नाही. हे विकरांशी वैर म्हणून नव्हे. जिथे ती उपयोगी ठरली तिथे त्यांना मानाने जागा दिली आहे. मेलानोमात, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगात, पसरलेल्या रोगाच्या वर्गवारीत एलडीएच आहे. वृषणाच्या जंतुपेशींच्या गाठींत तर एलडीएच कमाल मर्यादेच्या दीडपटीखाली, दीड ते दहापट की दहापटीवर, यावरून टप्पा बदलतो. लिम्फोमाच्या (लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या) १९९३च्या निर्देशांकात ते आहे, मायलोमाच्या (अस्थिमज्जेतल्या एका कर्करोगाच्या) २०१५च्या सुधारित टप्प्यांतही आहे. स्तनाच्या बाबतीत मात्र २०१८पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीत गाठीचा आकार, काखेतल्या गाठी, दूरचा प्रसार, ग्रेड, ईआर आणि पीआर (गाठीच्या पेशींतले हार्मोनचे ग्रहणक) आणि हर-२ (पेशींची वाढ चेतवणारे प्रथिन) यांचा विचार होतो.

एवढे सांगूनही लोक आकड्याकडे पाहणारच, म्हणून आकडा कसा तयार होतो आणि कुठे बिघडतो तेही सांगायला हवे.

एलडीएच मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत लॅक्टेटचे पायरुवेट होताना, दुसरीत पायरुवेटचे लॅक्टेट होताना, ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात मिनिटाला किती बदल झाला ते यंत्र पाहते. दुसरी क्रिया वेगाने होते, त्यामुळे तिचे आकडे जवळजवळ दुप्पट येतात. पहिल्या पद्धतीची मर्यादा साधारण १२५ ते २२०, दुसरीची साधारण २३० ते ४६० युनिट प्रति लिटर. एकाच बाईचे एकाच सकाळचे रक्त दोन लॅबना दिले, तर एकीकडे २०५ आणि दुसरीकडे ४१० येऊ शकते, आणि दोन्ही बरोबर असतात. जून महिन्यात पहिल्या लॅबचा आणि सप्टेंबरमध्ये दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट ठेवून "दुप्पट झालं" म्हणून घरात रडारड झाली, तर दोष यंत्राचा नाही. अशा वेळी आकड्याला त्याच कागदावरच्या कमाल मर्यादेने भागा. २०५ भागिले २२० म्हणजे ०.९३; ४१० भागिले ४६० म्हणजे ०.८९. दोन्ही मर्यादेच्या आत, एकमेकांना लागून. अल्कलाइन फॉस्फटेजमध्येही वापरलेल्या बफरनुसार (चाचणीत आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणानुसार) असाच मोठा फरक पडतो. त्यामुळे मर्यादा छापलेला उजवा कॉलम कापून फक्त आकडे व्हॉट्सॲपवर पाठवू नयेत. शक्य तोवर लॅब बदलू नये, आणि त्याच लॅबमध्येही १५-२० टक्क्यांच्या चढउताराला अर्थ चिकटवू नये. तेवढे शरीर रोजच हलते.

यापेक्षा मोठा घोळ सुईपाशी होतो. लाल पेशींच्या आत सिरमच्या, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाच्या, शंभरपटींहून जास्त एलडीएच असते. रक्त घेताना थोड्या पेशी फुटल्या तरी आकडा चढतो. लॅबच्या भाषेत 'सॅम्पल हिमोलाइझ झाले'. पिवळसर असायला हवे ते सिरम गुलाबी दिसते. पण डोळ्यांना जेमतेम गुलाबी वाटेल इतक्यानेही एलडीएच मर्यादेबाहेर जाते. एसजीओटीही चढते, पोटॅशियमही.

आणि ज्यांचे एलडीएच डॉक्टर खरोखर पाहत असतात, त्यांच्याच शिरा सर्वांत वाईट असतात. शस्त्रक्रिया झालेल्या बाजूचा हात सहसा टाळतात. उरलेल्या हातातल्या शिरा केमोने कडक दोरीसारख्या होतात. मग मनगटावर किंवा पंजावर बारीक २४ नंबरची सुई लागते, रबरी पट्टा तीन-चार मिनिटे आवळलेला राहतो, "मूठ उघडझाप करा" चालते, सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला जातो आणि शेवटी ते रक्त सुईतूनच दाबून नळीत सोडले जाते. यातली प्रत्येक गोष्ट पेशी फोडते. स्पिरिट न सुकवता सुई टोचली तरी फोडते. सलाईनच्या कॅन्युलातून घेतलेले रक्त तर फुटण्यासाठी प्रसिद्धच आहे. जमेल तेवढे हे पाळावे: २१ किंवा २२ नंबरची सुई, पट्टा एका मिनिटाच्या आत सैल, स्पिरिट पूर्ण सुकलेले, सिरिंज वापरलीच तर सुई काढून रक्त नळीच्या कडेने हळू सोडलेले, नळी खडखडून न हलवता पाच-सहा वेळा अलगद उलटी केलेली. हात थंड असेल तर आधी पाच मिनिटे कोमट टॉवेल. या शेवटच्या गोष्टीला पैसे पडत नाहीत आणि शीर वर येते.

पुढचा टप्पा प्रवासाचा. लाल किंवा पिवळ्या टोपणाच्या नळीत रक्त अर्धा तास उभे ठेवून गोठू द्यायचे, दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सिरम वेगळे करायचे. घाईने, अर्धवट गोठलेले फिरवले तर सिरममध्ये धागे राहतात. जेलच्या नळीत एकदा फिरवल्यावर पुन्हा फिरवले तर जेलखाली अडकलेले द्रव वर येते, पोटॅशियम बिघडते. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरमधून न फिरवलेली नळी सहा तास मोटारसायकलच्या डिकीतून जिल्ह्याला गेली, तर वाटेत पेशींतून एलडीएच झिरपत राहते. यावर उपाय म्हणून बर्फ नको. एलडीएचचे पाच उपप्रकार आहेत. त्यातले यकृत आणि स्नायूंतून येणारे चौथे-पाचवे थंडीत नासतात. वेगळे केलेले सिरम फ्रीजरमध्ये ठेवण्यापेक्षा खोलीत ठेवलेले बरे. बाकी बहुतेक तपासण्यांना उलटे लागते, त्यामुळे ही चूक चांगल्या लॅबमध्येही होते.

आधुनिक यंत्रे सिरमच्या रंगावरून हिमोलिसिसचा निर्देशांक आपोआप काढतात. तो आकडा यंत्रात असतो, रिपोर्टावर येत नाही. एलडीएच अनपेक्षित वाढलेले दिसले, तर स्कॅनची चिठ्ठी घेण्याआधी लॅबला फोन करून "सॅम्पल हिमोलाइझ होतं का" एवढे विचारावे आणि पुन्हा रक्त द्यावे. महागड्या पेट स्कॅनच्या आधीची ही सर्वांत स्वस्त तपासणी.

रक्त नीट घेतले, तरी एलडीएच वाढवणारी कारणे आपल्याकडे घरोघर आहेत. बी-१२ची मोठी कमतरता असेल तर अस्थिमज्जेतच पेशी फुटतात आणि एलडीएच हजारांत जाऊ शकते. शाकाहारी घरांत ही कमतरता नवी नाही. मलेरिया, डेंगी, थॅलसेमिया, न्यूमोनिया, स्नायूला मार, आदल्या दिवशीचा दमवणारा व्यायाम, हे सगळे त्यात येते. केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवण्यासाठी पोटावर देतात त्या फिलग्रास्टिम जातीच्या इंजेक्शनानेही एलडीएच आणि अल्कलाइन फॉस्फटेज दोन्ही वर जातात. म्हणून केमो चालू असताना ही तपासणी पुढच्या सायकलच्या आधल्या दिवशी करावी. इंजेक्शननंतर आठवड्याभरात केलेली तपासणी इंजेक्शनाचाच परिणाम मोजते.

अल्कलाइन फॉस्फटेजचे सापळे वेगळे. ते वाढले की पहिला प्रश्न: यकृतातून की हाडातून? सोबत गॅमा जीटी पाहावे. दोन्ही वाढले असतील तर यकृत किंवा पित्तनलिका. गॅमा जीटी नॉर्मल असेल तर बहुधा हाड. गॅमा जीटी दारूने वाढते तसे फिट्सच्या फेनिटॉइनने आणि टीबीच्या रिफाम्पिसिननेही वाढते. हाडातून आले म्हणजे रोग हाडात गेला असेही नाही. ड-जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हाडे मऊ पडली की हे विकर वाढते, भरत आलेल्या फ्रॅक्चरने वाढते, लेट्रोझोलसारख्या हार्मोन उपचाराच्या गोळ्यांनी हाडांची उलाढाल वाढल्यानेही थोडे चढते. ओ आणि बी रक्तगटाच्या काही जणींत तुपकट जेवणानंतर आतड्यातले फॉस्फटेज रक्तात येते, त्यामुळे नमुना उपाशीपोटी द्यावा. उलट दिशेलाही फसगत आहे. हाडांची झीज रोखणाऱ्या झोलेड्रोनिक ॲसिडच्या इंजेक्शनानंतर हाडातले फॉस्फटेज खाली येते. आणि हाड पोखरणारा, पण नवे हाड न बांधणारा रोगाचा डाग असेल, तर ते वाढतच नाही. कारण हे विकर हाड बांधणाऱ्या पेशी सोडतात, खाणाऱ्या नव्हे.

एक चूक मात्र जवळून पाहण्यासारखी आहे. रक्त घेताना आधी जांभळ्या टोपणाची नळी भरली, मग लक्षात आले की लाल टोपणाची कमी पडते, म्हणून जांभळीतले थोडे लालमध्ये ओतले. जांभळ्या नळीत ईडीटीए असते. अल्कलाइन फॉस्फटेजला काम करायला जस्त आणि मॅग्नेशियम लागते, आणि ईडीटीए नेमके तेच पकडून ठेवते. फॉस्फटेज पडते, कॅल्शियम पडते, पोटॅशियम आकाशाला भिडते. तिन्ही एकत्र दिसले तर रुग्णाला काही झालेले नाही, नळीला झाले आहे. आधी लाल, मग जांभळी, आणि एकातून दुसरीत कधीच नाही.

मग डॉक्टर ही विकरे मागवतात तरी कशाला? मुख्य कारण औषधाचा डोस. डोसेटॅक्सेल हे केमोचे औषध शरीरात यकृतच मोडीत काढते. बिलिरुबिन (काविळीत वाढते ते पिवळे द्रव्य) कमाल मर्यादेच्या वर असेल, किंवा एसजीओटी-एसजीपीटी मर्यादेच्या दीडपटीवर आणि सोबत अल्कलाइन फॉस्फटेज अडीचपटीवर असेल, तर ते द्यायचे नसते. डॉक्सोरुबिसिन हे दुसरे औषध बिलिरुबिन १.२ ते ३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल तर निम्मे, ३.१ ते ५ असेल तर पाव डोस. केमोच्या आदल्या दिवशीचा एसजीपीटीचा रिपोर्ट यासाठी असतो. टॅमॉक्सिफेनने यकृतात चरबी साठून एसजीपीटी थोडे वाढते, कॅपेसिटाबिन आणि रायबोसिक्लिबनेही वाढते. हा औषधाचा परिणाम, रोगाची चाल नव्हे.

दुसरे कारण पसरलेल्या रोगाचे, आणि इथे मात्र विकरे खरोखर तीव्रतेविषयी बोलतात. चौथ्या टप्प्यात उपचार सुरू होतानाच एलडीएच बरेच वाढलेले असेल, तर अशा रुग्णांच्या गटाचे आयुष्यमान कमी असते, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. यकृतात रोग असताना अल्कलाइन फॉस्फटेज, गॅमा जीटी, एलडीएच आणि पाठोपाठ बिलिरुबिन आठवड्या-आठवड्याला चढत असेल, तर गोळ्यांच्या हार्मोन उपचाराची वाट न पाहता केमो सुरू करण्याचा विचार होतो. इथे एका आकड्यापेक्षा चढाचा वेग महत्त्वाचा. थायमिडिन कायनेज हे आणखी एक विकर. पेशी विभागताना ते तयार होते. पाळी गेलेल्या, हार्मोन पॉझिटिव्ह, पसरलेल्या रोगाच्या बायकांत उपचारावर लक्ष ठेवण्यासाठी त्याच्या एका चाचणीला अमेरिकेत २०२२मध्ये मान्यता मिळाली. तीही निदानासाठी नाही आणि धडधाकट बाईच्या पॅकेजसाठी तर नाहीच.

या टप्प्यातही एक वळण फसवे आहे. हाडातल्या डागांवर औषध लागू पडले की ते भरून यायला लागतात आणि हाड बांधणाऱ्या पेशी जोरात कामाला लागतात. त्यामुळे पहिले काही आठवडे अल्कलाइन फॉस्फटेज वाढते. बोन स्कॅनही काही काळ जास्त उजळ दिसतो. सीए १५-३ सुद्धा उपचाराच्या पहिल्या चार-सहा आठवड्यांत उसळू शकते. दुखणे कमी होत आहे, बाई चालू-फिरू लागली आहे आणि आकडा वाढला आहे, अशा वेळी औषध बदलू नये. लागू पडलेले औषध आपल्याच हाताने बंद होते.

सीए १५-३चा विषय निघालाच आहे तर आणखी एक. केमोनंतर केस लवकर यावेत म्हणून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या पाच-दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. ज्या यंत्रांची पद्धत बायोटिन आणि त्याला घट्ट पकडणारे स्ट्रेप्टॅव्हिडिन या जोडीवर चालते, तिथे या गोळ्यांमुळे सीए १५-३ खोटे कमी दिसू शकते. दोन-तीन दिवस आधी गोळी थांबवावी आणि रक्त देताना सांगावे. एलडीएच-फॉस्फटेजला याने फरक पडत नाही.

आता तीव्रता खरोखर जिथे लिहिलेली असते त्या जागेकडे, म्हणजे गाठीचा तुकडा मेणात बसवून केलेल्या पॅराफिनच्या ब्लॉककडे. गाठीचा १४ नंबरच्या जाड सुईने चार-पाच तुकड्यांचा नमुना घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली तीन गोष्टींना प्रत्येकी एक ते तीन गुण मिळतात: पेशी नळ्या किती बनवतात, केंद्रक किती वेडेवाकडे आहेत, विभागणाऱ्या पेशी किती दिसतात. बेरीज तीन ते पाच आली तर ग्रेड एक, सहा-सात दोन, आठ-नऊ तीन. मग ईआर, पीआर, हर-२. ईआर एक टक्का पेशींत दिसले तरी पॉझिटिव्ह धरतात. हर-२ दोन प्लस, म्हणजे धड हो ना धड नाही असे आले, तर फिश या जनुकांच्या चाचणीशिवाय निकाल नाही. ही पाच-सहा उत्तरे रोग किती आक्रमक आहे आणि कोणत्या औषधाला बधेल, दोन्ही सांगतात.

पॅकेजवर पैसे उडवणारे कुटुंब आणि घाईत असलेले ऑपरेशन थिएटर, दोघांचीही चूक नेमकी इथे होते. तुकडा सलाईनमध्ये टाकून पाठवला जातो. काढलेले अख्खे स्तन अरुंद तोंडाच्या बरणीत, तळाशी बोटभर फॉर्मेलिन (ऊती नासू न देणारे द्रावण) घालून, शनिवार-रविवार तसेच राहते. फॉर्मेलिन तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत शिरते. बाहेरून पक्के झाले, तरी आतली गाठ तोवर नासते आणि नासलेल्या ऊतीत ईआर खोटे निगेटिव्ह येऊ शकते. त्या एका शब्दाने बाई पाच-दहा वर्षांच्या हार्मोन गोळ्यांना मुकते. नियम साधे आहेत: काढल्यापासून एका तासाच्या आत फॉर्मेलिन, दहा टक्के न्यूट्रल बफर्ड, ऊतीच्या दहापट, मोठा नमुना पाच ते दहा मिलिमीटरच्या कापांनी उघडलेला, एकूण सहा तासांपेक्षा कमी नाही, बहात्तर तासांपेक्षा जास्त नाही. बरणीवर काढल्याची आणि फॉर्मेलिनमध्ये टाकल्याची वेळ लिहिलेली. नातेवाइकांनी "किती वाजता फॉर्मेलिनमध्ये टाकलं?" असे विचारले तर कोणी रागावू नये. दुसरे मत घ्यायचे असेल तर ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्याव्यात, नुसता रिपोर्ट पुरत नाही.

उपचार संपल्यावर दर तीन महिन्यांनी 'सगळी विकरे' करून घेण्याची पद्धत पडली आहे. हा प्रश्न इटलीत दोन मोठ्या अभ्यासांनी तपासला आणि १९९४मध्ये निकाल छापले. एकात १३२० बायका होत्या, दुसऱ्यात १२४३. छातीचे एक्स-रे आणि बोन स्कॅन ठरावीक अंतराने करत राहिलेल्या आणि केवळ तपासणी व मॅमोग्राफी केलेल्या, दोन्ही गटांत जगण्याचे प्रमाण सारखेच. पहिल्या अभ्यासात कडक देखरेखीच्या गटाला रक्ततपासण्याही होत्या. म्हणून लक्षण नसताना पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांनी हाताने तपासणे आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी, एवढेच सांगितले जाते. निदान व्हायचे आहे त्यांच्यासाठी मुंबईचाच पुरावा आहे. टाटा मेमोरियलच्या अभ्यासात शहरातल्या वस्त्यांतल्या दीड लाखांवर बायका होत्या. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. २०२१मध्ये वीस वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोग आधीच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. त्यात ना एलडीएच होते ना यंत्र.

काही लक्षणांत रक्ताच्या रिपोर्टाची वाट पाहणेच धोक्याचे असते. स्तनकर्करोग होऊन गेलेल्या बाईला पाठदुखीबरोबर पाय लटपटू लागले, कमरेखाली बधिर वाटू लागले किंवा लघवी अडली, तर फॉस्फटेज कितीही नॉर्मल असो, चोवीस तासांच्या आत मणक्याचा एमआरआय हवा. सकाळी उठल्यावर डोकेदुखी आणि उलटी काही दिवस चालू राहिली तरीही रक्ताच्या रिपोर्टाची वाट पाहू नये. मेंदूतला डाग ही विकरे बहुधा हलवतही नाही.

आपल्या दैनिकाकडे आणि लॅबचालकांकडे दोन मागण्या आहेत. विकरांवरची बातमी छापताना अभ्यासात किती बायका होत्या, कोणत्या टप्प्यातल्या होत्या आणि दोन गटांचे आकडे एकमेकांत किती मिसळत होते, हे विचारून छापावे. नुसती सरासरी छापू नये. लॅबनी एलडीएचच्या ओळीखाली पद्धत आणि हिमोलिसिसचा निर्देशांक छापावा, आणि 'ऑन्को प्रोफाइल' या शीर्षकाखाली एलडीएच-फॉस्फटेज विकणे बंद करावे. यंत्रात दोन्ही माहिती असतेच, रिपोर्टाच्या नमुन्यात एक ओळ वाढवायला सॉफ्टवेअरवाल्याला दहा मिनिटे लागतात.

आपले,
रक्ततपासणी आणि कर्करोग-उपचार क्षेत्रात काम करणारे काही वाचक
पुणे